बिघडलेल्या नोंदवहीचा जीर्णोद्धार



ह्या व्यासपीठावर आजवर थोरथोर विद्वानांची भाषणे झाली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारावर पत्रके वाटताना आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहताना झाले. संगणकाची ओळखही कुठल्या वर्गात झाली नाही. युनियनच्या कचेरीत एक जुने यंत्र आले, ते चालविण्यासाठी पगारी माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून पुस्तके आणली, रात्री वाचली आणि शिकलो. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते शास्त्रज्ञाचे विवेचन नव्हे. हत्यार वापरणाऱ्याने हत्याराविषयी सांगितलेल्या चार गोष्टी आहेत.

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना वाटले असेल, की चळवळीतल्या माणसाने संगणकातील बिघडलेल्या फायलीवर कशाला बोलावे? त्याचे उत्तर असे, की कामगाराचे सारे आयुष्य नोंदीवर तोललेले असते. तो कामावर केव्हा लागला, किती दिवस भरला, त्याच्या पगारातून काय कापले गेले, त्याच्या मागे वारस कोण, हे सारे नोंदीत असते. भविष्यनिर्वाह निधी असो की ग्रॅच्युइटी असो, नोंद दाखविल्याशिवाय पदरात काही पडत नाही. मुंबईचा गिरणीसंप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि कैक वर्षांनी गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा आपण गिरणीत होतो हे सिद्ध करण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना ट्रंका उपसाव्या लागल्या. ज्याच्या ट्रंकेत गिरणीचे तिकीट किंवा पगाराची चिठ्ठी निघाली त्याचे काम सोपे झाले. ज्याच्या ट्रंकेत काही निघाले नाही, त्याने आयुष्यभर साचा चालविला असला तरी त्याला साक्षीदार शोधत हिंडावे लागले.

त्या काळी नोंदी कागदावर होत्या. आता त्या संगणकाच्या फायलीत असतात. कागदाला वाळवी लागते, तशी फायलीलाही तिची वाळवी आहे. ती लागली म्हणजे काय होते, आणि त्यातून काय वाचविता येते, हा आजचा विषय.

प्रथम ही फाइल म्हणजे काय ते पाहू. डेटाबेस हा शब्द भारदस्त वाटतो, पण आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कीर्द आणि खतावणी ज्याला कळते, त्याला डेटाबेस अर्धा कळलाच. घडेल तसा व्यवहार ओळीने टिपायचा ती कीर्द, आणि नावानावाखाली नेऊन मांडायचा ती खतावणी. डेटाबेसमध्ये ठरीव रकान्यांचा एक तक्ता असतो, तीच खतावणी. चांगल्या डेटाबेसला कीर्दही असते, तिच्याविषयी पुढे बोलू. तिसरी वस्तू म्हणजे सूची. कोणते नाव कोणत्या पानावर आहे हे ती सांगते. सूची नष्ट झाली तर शोधायला वेळ लागेल. परंतु खतावणी शाबूत असेल तर सूची पुन्हा तयार करता येते. म्हणून बिघाड झाला की पहिला प्रश्न विचारावा, खतावणी मोडली आहे की नुसती सूची? पुष्कळदा नुसती सूचीच मोडलेली असते आणि माणसे खतावणी गेली म्हणून रडत बसतात.

आता फाइल मोडते कशी? संगणक आपल्याला सांगतो, की लिहिले. पण ते लिहिणे काही क्षण त्याच्या तात्पुरत्या स्मरणातच असते, तबकडीवर उतरलेले नसते. तेवढ्यात वीज गेली, की अर्धे उतरते आणि अर्धे राहते. दुसरे कारण, एकाच फायलीत एकाच वेळी दोन यंत्रे लिहू लागणे. त्यांच्यातील कुलूप नीट चालले नाही तर एकाचे लिहिणे दुसऱ्यावर पडते. तिसरे कारण, चालू फायलीची मध्येच नक्कल करणे. कारकून पान लिहीत असतानाच कोणी त्याचे छायाचित्र घेतले तर त्यात अर्धवट ओळ यायचीच. आणि चौथे कारण, ज्या वस्तूवर लिहितो तीच खोटी असणे. बाजारात मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हवर जेवढी क्षमता छापलेली असते तेवढी आत नसते. मर्यादा संपली तरी तो मुकाट्याने लिहिल्यासारखे करीत राहतो.

ह्यांपैकी वीज जाण्यावर शास्त्रज्ञांनी जो उपाय काढला, तो आपल्या पेढीवाल्यांना ऐकून आनंद होईल. उपाय एवढाच, की खतावणीला हात लावण्यापूर्वी काय करणार आहोत ते कीर्दीत लिहा. वीज परत आली की यंत्र प्रथम कीर्द वाचते. जो व्यवहार पूर्ण झाला असे कीर्द म्हणते पण खतावणीत उतरलेला नाही, तो उतरविते. जो अर्धाच झाला, तो पुसून पहिली स्थिती आणते. अमेरिकेत आय. बी. एम.च्या प्रयोगशाळेत काम करणारे सी. मोहन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९२ साली ही पद्धत ‘एरीज’ ह्या नावाने सविस्तर मांडली. हे मोहन मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले. आज बँकांतील मोठमोठे डेटाबेस ह्याच विचारावर चालतात.

पण गंमत पाहा. ही कीर्द म्हणजे मुख्य फायलीच्या शेजारी पडलेली एक वेगळी, ओबडधोबड नावाची फाइल असते. यंत्र बंद पडल्यावर कोणी उत्साही माणूस येतो, ती फाइल कचरा समजून पुसतो, किंवा मुख्य फाइल तेवढी उचलून दुसऱ्या यंत्रावर नेतो आणि कीर्द मागेच ठेवतो. जी फाइल आपोआप सावरली असती, ती अशा रीतीने कायमची मोडते. तेव्हा शेजारची फाइल तुम्हाला कळत नसेल तर तिला हात लावू नका.

जुन्या पद्धतीच्या फायलींना मात्र ही कीर्द नव्हती. डीबेस आणि फॉक्सप्रो ही नावे येथल्या जुन्या कारकून मंडळींना आठवत असतील. एके काळी पतपेढ्या, दुकाने, कारखान्यांची पगारखाती त्यांवर चालत, आणि काही ठिकाणी अजूनही चालतात. आमच्या युनियनची सभासद-वही अशाच एका फायलीत होती, आणि काही वर्षांपूर्वी ती मोडली. तो प्रसंग तपशिलाने सांगतो, कारण दुरुस्तीचे सारे नियम त्यात आले आहेत.

एका कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या तेरा जणांनी सभासदत्व घेतले. संध्याकाळी आमच्या कार्यकर्त्याने त्यांची नावे यंत्रात घातली आणि त्याच वेळी वीज गेली. सकाळी फाइल उघडेना. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने कसरत करून ती उघडून दाखविली, तर सभासद ४३७. नवे तेरा गायब! तिकडे समेट अधिकाऱ्यापुढे वाद उभा होता. मालकपक्षाचे म्हणणे, की हे तेरा जण कंत्राटदाराचे, ते युनियनचे सभासदच नव्हेत. मागणीपत्र देण्यापूर्वी ते सभासद होते, हे आम्हाला दाखवायचे होते. म्हणजे तेरा ओळींवर तेरा चुली अवलंबून होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, “साहेब, एवढे काय त्यात? नवी फाइल करून देतो, तेरा नावे पुन्हा टाका.” नावे पुन्हा टाकता आली असती, पण ती मागाहून टाकलेली नावे ठरली असती, आणि मालकाच्या वकिलाला तेवढेच पुरे होते.

आम्ही यंत्र बंद केले. हा पहिला नियम. बिघाड दिसला की लिहिणे थांबवा. पुसलेली किंवा हरवलेली माहिती पुष्कळदा तबकडीवर तशीच पडलेली असते. यंत्राने फक्त ती जागा मोकळी धरलेली असते. त्यावर दुसरे काही लिहिले गेले, की मग ब्रह्मदेवही ती परत आणू शकत नाही. हल्लीच्या नव्या जातीच्या तबकड्या तर मोकळी धरलेली जागा स्वतःहून साफ करून टाकतात. म्हणून तेथे घाई अधिक.

दुसरा नियम, मूळ फायलीची जशीच्या तशी नक्कल करा, मूळ फाइल बाजूला ठेवा आणि जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर करा. शिंपी सुद्धा उंची कापडाला कात्री लावण्यापूर्वी कागद कापून पाहतो.

तिसरा नियम, त्या फायलीचा ठसा घेऊन ठेवा. गणिताच्या एका रीतीने कोणत्याही फायलीचा एक ठराविक लांबीचा आकडा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. फायलीतले एक अक्षर बदलले तरी हा आकडा पार बदलतो. मूळ फाइल कोणी चाळवली नाही हे त्यावरून पुढे दाखविता येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली संगणकातील पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हा आकडा लिहिण्याची जागाच ठेवली आहे. तेव्हा ही हौस नव्हे, व्यवहार आहे.

मग आम्ही नकलेच्या पोटात शिरलो. अशा फायलीच्या प्रारंभी एक मथळा असतो. त्यात शेवटच्या फेरफाराची तारीख, नोंदींची एकूण संख्या, मथळ्याची लांबी आणि एका नोंदीची लांबी लिहिलेली असते. त्यापुढे नोंदी एकीला एक चिकटून, सर्व सारख्या लांबीच्या. संगणक मोजण्याचे एकक बाइट. साधारण एक रोमन अक्षर म्हणजे एक बाइट. आमच्या फायलीला सात रकाने होते. मथळा २५७ बाइट, नोंद १०० बाइट. फायलीची एकूण लांबी निघाली ४५,२५८. त्यातून मथळ्याचे २५७ आणि शेवटच्या खुणेचा १ वजा केला, की उरतात ४५,०००. त्याला १०० ने भागले, तर नोंदी किती? ४५०! मथळा म्हणत होता ४३७. तेरा माणसे घरातच बसलेली होती; फक्त दारावरच्या पाटीवर त्यांची संख्या चढायची राहिली होती.

ही संख्या मथळ्याच्या पाचव्या ते आठव्या बाइटात असते, आणि लहान भाग आधी अशी उलटी लिहिलेली असते. ४३७ म्हणजे १८१ आणि एक वेळा २५६. ४५० म्हणजे १९४ आणि एक वेळा २५६. म्हणजे सबंध फायलीत एकच बाइट बदलायचा होता, १८१ च्या जागी १९४. तो नकलेत बदलला, सूची पुन्हा बांधली आणि ४५० नावे समोर आली. विद्येचा डोंगर लागला नाही. तिसरीतली वजाबाकी आणि चौथीतला भागाकार पुरला.

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली. ह्या पद्धतीत प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट हा खुणेसाठी असतो. नोंद चालू असेल तर तो कोरा, आणि काढून टाकली असेल तर तेथे एक तारा. म्हणजे काढलेली नोंद जात नाही. तिच्यावर तारा पडतो आणि ती पडद्यावर दिसेनाशी होते. फाइल मुद्दाम आवळून घेईपर्यंत ती तेथेच असते. हजेरीपटावरून ज्यांची नावे उडविली जातात, त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तेरांपैकी बारा नोंदी धडधाकट होत्या. तेराव्या नोंदीत नाव, खाते, तारीख ठीक. शेवटच्या वारसाच्या रकान्यात मात्र निरर्थक खुणा आल्या होत्या. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “लग्न झालेला गडी आहे, वारस बायकोच असणार. तिचे नाव घालून मोकळे होऊ.” आम्ही तो रकाना कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गडी पाळी संपवून आला आणि त्याने वारस म्हणून आईचे नाव सांगितले. त्याच्या घरात तसे का, हा त्याचा प्रश्न. पण आम्ही अंदाजाने लिहिले असते, तर उद्या त्याच्या म्हातारीचा घास आमच्या लेखणीने काढून घेतला असता.

म्हणून चौथा नियम, सापडलेले आणि तर्काने भरलेले एकत्र करू नका. हा नियम संगणकवाल्यांनी शोधला नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांतील पाठ ताडून त्या पंडितांनी संहिता सिद्ध केली, आणि जेथे पाठाची खात्री नव्हती तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ मारून ठेवली. शंका झाकायची नाही, दाखवायची. मोडलेली फाइल जोडणाऱ्यानेही अशी रेघ मारायला शिकले पाहिजे.

आणि पाचवा नियम, जे परत मिळाले ते दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहा. आम्ही वर्गणीचे पावतीपुस्तक काढले. तेराही पावत्यांच्या स्थळप्रती क्रमाने, तारखांसह, सह्यांसह हजर होत्या. फाइल आणि पावतीपुस्तक एकमेकांचे साक्षीदार झाले. समेट अधिकाऱ्यापुढे दोन्ही मांडले आणि ते तेरा जण सभासद म्हणून धरले गेले. आमचा विश्वास असा, की नुसत्या फायलीने किंवा नुसत्या पावत्यांनी ते झाले नसते.

आता जुन्या पद्धतीची फाइल इतकी सरळ असते, तशी नव्या पद्धतीची नसते. तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्ये ‘एसक्यूलाइट’ नावाचा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप ह्या अमेरिकन गृहस्थाने तो २००० साली तयार केला आणि कोणाचीही मालकी न ठेवता जगाला देऊन टाकला. त्याची फाइल पानांची असते. एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे. झाडाला जशा फांद्या आणि शेवटी पाने, तशी वरची पाने खालच्या पानांचे पत्ते सांगतात आणि खऱ्या नोंदी अगदी खालच्या पानांत असतात. वरची फांदी मोडली तर खालची पाने सापडत नाहीत; पण ती असतात. त्यासाठी त्याच्याबरोबरच दुरुस्तीची एक आज्ञा मिळते. ती फायलीतले पान न् पान चाळते, जी नोंद ओळखू येते ती काढून नव्या फायलीत मांडते, आणि जी कोणत्या तक्त्यातली हे कळत नाही ती एका वेगळ्या तक्त्यात ठेवते. त्या तक्त्याला त्यांनी नाव दिले आहे ‘लॉस्ट अँड फाउंड’. स्टेशनवर हरवले-सापडले विभागात छत्र्या आणि डबे ठेवलेले असतात, तसेच हे. तेथेही मालक ठरविण्याचे काम यंत्र करीत नाही. ते माणसालाच करावे लागते.

श्रोतेहो, येथवर ऐकून कोणाला वाटेल, की एवढी सोय आहे तर चिंता कसली? म्हणून एक मोठ्या घरची गोष्ट सांगतो. गिटलॅब ही संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांची नामांकित कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने दुसऱ्या यंत्रावरची म्हणून जी माहिती पुसली, ती चालू डेटाबेसची निघाली. राखीव प्रती ठेवण्याचे एक नव्हे, चांगले पाच मार्ग त्यांच्याकडे होते. पाहू गेले तर एकही धड चालत नव्हता. एक मार्ग तर कित्येक दिवस मुकाट्याने अपयशी होत होता आणि त्याची सूचना देणारी पत्रे पोहोचतच नव्हती. शेवटी एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि त्यांची लाज राहिली. तरी त्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नव्या खात्यांची माहिती गेली. कंपनीने सारी हकीकत जगापुढे उघड मांडली आणि दुरुस्ती चालू असताना ती लोकांना पाहू दिली. हा त्यांचा प्रामाणिकपणा घेण्यासारखा आहे. आणि धडा असा, की जी राखीव प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती राखीव प्रत नव्हेच. वर्षातून एकदा आगीच्या बंबाची परीक्षा घेतात, तशी तिची घ्यावी.

जाणती माणसे सांगतात, की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. आमचे एवढेच म्हणणे, की ह्या हिशेबात एक प्रश्न आणखी घाला. प्रत कोणाच्या हातात आहे? तिन्ही प्रती मालकाच्याच कपाटांत असतील, तर कामगाराच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे. जी नोंद एकाच हातात असते, तिच्यात लिहिलेल्या माणसाचे नशीबही त्या हातात जाते.

आज आम्ही जे जे परत मिळविण्याचे उपाय सांगितले, ते नीट पाहिले तर एकाच गोष्टीवर उभे आहेत. गोष्ट कुठेतरी दुसऱ्यांदा लिहिलेली होती. मथळ्यातली संख्या चुकली, तर लांबीच्या हिशेबाने ती मिळाली. खतावणी अर्धी राहिली, तर कीर्दीने ती पुरी केली. फायलीवर शंका आली, तर पावतीपुस्तकाने साक्ष दिली. जे एकदाच लिहिले आणि तेच गेले, ते कोणत्याही यंत्राला आणता येत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर चार कामे करा. पगाराची चिठ्ठी फोनवर येत असेल तर तिचा कागद काढून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात कामावर लागल्याची तारीख, नाव आणि वारस बरोबर आहेत की नाहीत ते पाहा; चूक आज दुरुस्त होते, निवृत्तीच्या दिवशी ती डोंगराएवढी होते. ज्या पतपेढीत, सोसायटीत, युनियनमध्ये तुम्ही सभासद असाल, तेथील चालकांना विचारा, की राखीव प्रत कोठे असते आणि ती शेवटची उघडून कोणी पाहिली? आणि विचारल्यावर चालक रागावले, तर पुन्हा विचारा.

कारखान्यात माणसाला नंबर देतात, फायलीत त्याची शंभर बाइटांची एक ओळ होते. ती ओळ म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण ती ओळ गेली तर त्या माणसाचे जे होते ते आम्ही पाहिले आहे. म्हणून ती जपायची.